सेंटीमीटरात जीईव्ही मिळतात, मग किलोमीटरभर लांब मशीन कशाला?

एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. लेझर वापरून इलेक्ट्रॉनला काही सेंटीमीटरात जीईव्हीच्या, म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, घरात एनर्जी देता येते, टेबलावर मावेल असा, कणांना वेग देणारा अ‍ॅक्सिलरेटर होतो, असं त्याच्या वाचनात आलं. आता तो विचारतोय की हे खरं असेल तर अजून किलोमीटरभर लांबीची मशिनं का बांधतायत, कॅन्सर हॉस्पिटलात हे अजून का दिसत नाही, आणि या कामात यायचं तर काय शिकावं. माझी बरीच वर्षं लेझर-प्लाझ्माच्या लॅबमध्येच गेलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तर आधी थोडक्यात. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण ज्या सेंटीमीटरांचं एवढं कौतुक होतं तो यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. त्या सेंटीमीटरांच्या मागे अख्खी खोली भरून लेझर उभा असतो, आणि आमची खरी मारामारी चालते ती आत्ता आलेला शॉट, म्हणजे लेझरची एक पल्स (प्रकाशाचा क्षणभराचा झोत) आणि तिच्यातून निघालेला बीम, पुढच्या शॉटसारखाच यावा यासाठी. एनर्जीचा रेकॉर्ड एका चांगल्या शॉटवर होतो, मशीन मात्र लाखो सारख्या शॉटवर उभं राहतं. माझं सगळं उत्तर याच्याभोवतीच आहे.

नेहमीचे अ‍ॅक्सिलरेटर लांब का असतात ते आधी बघू. त्यात तांब्याच्या नाहीतर नायोबियमच्या पोकळ्या असतात, कॅव्हिटी म्हणतात त्यांना, त्यात रेडिओ लहरी भरायच्या आणि विजेचं फील्ड बरोबर दिशेला असेल तेव्हाच इलेक्ट्रॉनचा घोळका तिथून जाईल असं टायमिंग साधायचं. पद्धत उत्तम आहे, रात्रंदिवस चालते. अडचण एवढीच की फील्ड वाढवत गेलं की तांब्याच्या पृष्ठभागावर ठिणग्या पडायला लागतात, आणि कॅव्हिटी सुपरकंडक्टिंग असेल तर तिची सुपरकंडक्टिव्हिटीच जाते. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रे लेझर देणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये मीटरमागे साधारण २४ मेगाव्होल्टचं फील्ड असतं, सर्नने क्लिक या प्रोजेक्टसाठी केलेल्या तांब्याच्या कॅव्हिटी १०० मेगाव्होल्टला पोचतात, त्याच्या फार पुढे जाणं मुश्किल. आता एक्सएफईएलला हवेत १७.५ जीईव्ही, भागाकार करून बघा, नुसत्या कॅव्हिटीच सातशे मीटरच्या वर जातात, मधले मॅग्नेट, पंप वगैरे वेगळेच. स्टॅनफर्डचा जुना लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतलं मशीन, ५० जीईव्हीसाठी ३.२ किलोमीटर लांब केला तो काही हौस म्हणून नाही.

मग लेझरच का नाही वापरत, असं वाटतं. लेझर फोकस करून एका चौरस सेंटीमीटरला १०चा १८वा घात वॅट एवढी इंटेन्सिटी केली तर त्या प्रकाशाच्या लहरीतलंच फील्ड मीटरला जवळजवळ २.७ टेराव्होल्ट (टेरा म्हणजे लाख कोटी) होतं, म्हणजे तांब्याच्या कॅव्हिटीच्या हजारो पट. पण हे फील्ड आडवं असतं, प्रकाश पुढे जातो आणि फील्ड त्याला काटकोनात हलतं, शिवाय दर अर्ध्या लहरीला दिशा बदलतं. इलेक्ट्रॉन वरखाली हलतो, थोडा पुढे ढकलला जातो, आणि पल्स निघून गेली की त्याची एनर्जी होती तेवढीच. मोकळ्या व्हॅक्यूममध्ये, दोन्ही बाजूंना अमर्याद लांबीवर, साध्या लेझरने सरळ जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला निव्वळ फायदा काही होत नाही, याला लॉसन-वुडवर्डचा सिद्धांत म्हणतात. तर लेझरच्या आडव्या फील्डचं पुढेमागे फील्ड करून देणारा कोणीतरी मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ म्हणजे प्लाझ्मा, इलेक्ट्रॉन आणि उरलेले पॉझिटिव्ह आयन सुटे झालेला गॅस.

ही आयडिया १९७९ ची, तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांची, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच पाण्यातून जाते तेव्हा तिच्या मागे लाटांची रांग उठते आणि ती रांग लाँचच्याच वेगाने मागोमाग येत राहते, तसंच हे आहे. लेझरची पल्स हलक्या गॅसमधून जाते, तिची पुढची बाजूच एवढी जोरदार असते की गॅसचे अणू फुटून प्लाझ्मा होतो, आणि मग पल्सचा प्रकाशाचा दाब इलेक्ट्रॉनना बाजूला हाकलतो. आयन जड, हायड्रोजनचा प्रोटॉन झाला तरी इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, त्यामुळे ते एवढ्यात जागचे हलत नाहीत. म्हणजे पल्सच्या मागे काही मायक्रॉनचा एक पट्टा असा राहतो जिथे नुसता पॉझिटिव्ह चार्ज आहे, हाकललेले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे परत धावतात, जास्तच पुढे जातात, पुन्हा ओढले जातात, आणि अशी लाट तयार होते. या लाटेतलं फील्ड मात्र पुढेमागे असतं, आपल्याला हवं तसं. आणि लाट पल्सच्या मागोमाग जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने पळत असते, म्हणून एखादा इलेक्ट्रॉन तिच्यात बरोबर जागी अडकला की तो मिलिमीटरच्या मिलिमीटर ढकलला जातो.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. घन सेंटीमीटरमागे १०चा १८वा घात इलेक्ट्रॉन असतील तर लाटेची लांबी ३३ मायक्रॉन आणि तिच्यातलं जास्तीत जास्त फील्ड मीटरला साधारण ९६ गिगाव्होल्ट. म्हणजे तांब्याच्या सर्वात भारी कॅव्हिटीच्या जवळपास हजार पट. ठिणगी पडायची भीती नाही, कारण प्लाझ्मा म्हणजे आधीच फुटून बसलेला गॅस, आता त्याचं आणखी काय बिघडणार.

ताजिमा-डॉसननी कागदावर मांडलं तेव्हा तेवढ्या ताकदीची छोटी पल्स देणारा लेझर जगात नव्हता. तो यायला १९८५ उजाडलं, रोचेस्टरला डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी चर्प्ड पल्स अ‍ॅम्प्लिफिकेशन दाखवलं. छोटी पल्स आधी वेळेत ताणून हजारो पट लांब करायची, मग ती सौम्य झालेली पल्स क्रिस्टलमधून अ‍ॅम्प्लिफाय करायची, आणि शेवटी ग्रेटिंगच्या जोडीने परत आखडायची. सरळ अ‍ॅम्प्लिफाय केली असती तर क्रिस्टलच जळालं असतं. २०१८ च्या फिजिक्सच्या नोबेलमधला अर्धा वाटा या दोघांना याच कामासाठी मिळाला, आणि तो मिळाला तेव्हा आमच्यासारख्या लोकांना घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला, कारण आमची प्रत्येक लॅब याच एका युक्तीवर उभी आहे.

मधल्या काळात लोक थांबले नव्हते. वाईत जन्मलेले चंद्रशेखर जोशी यूसीएलएमध्ये डॉसनच्या शेजारी प्रयोगाची बाजू सांभाळत होते, दोन वेगवेगळ्या रंगांचे लेझर एकत्र सोडून त्यांच्या ठेक्याने प्लाझ्मात लाट उठवायची, अशी बीट-वेव्हची पद्धत त्यांच्या ग्रुपने चालवून दाखवली, बाहेरून सोडलेले इलेक्ट्रॉन त्या लाटेवर एनर्जी घेतात हे नव्वदच्या दशकात सिद्ध केलं. या विषयातल्या प्रयोगांचा पाया ज्यांनी घातला त्यातलं हे अगदी पुढचं नाव, आणि महाराष्ट्रात ते जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे २००७ मध्ये त्यांच्या ग्रुपने स्टॅनफर्डच्या लोकांबरोबर ४२ जीईव्हीच्या काही इलेक्ट्रॉनची एनर्जी ८५ सेंटीमीटर प्लाझ्मात दुप्पट केली, तिथे लाट उठवायला लेझरच्या ऐवजी इलेक्ट्रॉनचाच घोळका वापरला होता, पण फिजिक्स बरंचसं तेच.

२००४ पर्यंत आमची मोठी अडचण होती की इलेक्ट्रॉन निघायचे भरपूर, पण सगळ्या एनर्जीचे, थोडे एवढे थोडे तेवढे, नुसता पसारा. मग त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेचरच्या एकाच अंकात तीन पेपर आले, इंग्लंडच्या रदरफर्ड लॅबमधून, फ्रान्सच्या एलओए या लॅबमधून आणि अमेरिकेतल्या बर्कलीमधून, तिघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्लाझ्माची लांबी, घनता आणि लेझर नीट जुळवले तर एकाच एनर्जीच्या आसपासचा देखणा बीम मिळतो. अनुक्रमे ७०, १७० आणि ८६ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), आणि तोही दोनतीन मिलिमीटरात. अंकाच्या कव्हरवर ड्रीम बीम असं छापलं होतं. त्यानंतर दोन वर्षांत बर्कलीने ऑक्सफर्डच्या मदतीने ३.३ सेंटीमीटरात १ जीईव्ही गाठला, २०१४ मध्ये ९ सेंटीमीटरात ४.२, २०१९ मध्ये २० सेंटीमीटरात ७.८, आणि २०२४ मध्ये ३० सेंटीमीटरात ९.२.

आता या आकड्यांकडे नीट बघा, कारण इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एनर्जी वाढली तशी लांबी पण वाढली, आणि २०१४ नंतर तर एनर्जीपेक्षा जास्त वेगाने वाढली. ४.२ जीईव्हीला ९ सेंटीमीटर होते, मग ९.२ ला २० पुरायला हवे होते, लागले ३०. शिकणाऱ्यांना वाटतं की गॅस दाट केला की फील्ड वाढेल आणि एनर्जी वाढेल. फील्ड वाढतं, घनतेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, पण प्लाझ्मा दाट झाला की त्यातून जाणारी लेझरची पल्स हळू होते, लाट पण तिच्याबरोबर हळू होते, आणि इलेक्ट्रॉन तर केव्हाच प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेला असतो, तो लाटेच्या पुढे निसटतो आणि उलट्या फील्डमध्ये शिरून एनर्जी गमवायला लागतो. याला डिफेजिंग म्हणतात. किती अंतरावर हे होतं ते घनतेच्या दीड घाताने कमी होत जातं. १०चा १८वा घात या घनतेला ते साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास आहे, तीच घनता दहापट केली तर दोन मिलिमीटरसुद्धा उरत नाही. दोन्हीचा गुणाकार केलात की कळेल, एनर्जी घनतेच्या उलट प्रमाणात जाते. म्हणजे जास्त एनर्जी हवी तर गॅस पातळ करा, फील्ड कमी घ्या, लांबी वाढवा, आणि लाट तेवढीच जोमात ठेवायला लेझर मोठा घ्या. २००४ ला १० ते ३० टेरावॉटमध्ये काम झालं, २००६ ला ४०, २०१९ ला ८५० टेरावॉट लागले. सेंटीमीटर वाढले ते परवडतात, पण प्रत्येक टप्प्यावर लेझरची खोली वाढली ती कोणी मोजत नाही.

शिवाय लेझर फोकस केला की तो फार अंतर बारीक राहत नाही. १० मायक्रॉनच्या ठिपक्यावर फोकस केलात तर अर्धा मिलिमीटर पण जात नाही तोच तो पसरायला लागतो, आणि आपल्याला तर सेंटीमीटर न्यायचाय. पल्सची ताकद एका मर्यादेच्या वर असेल तर प्लाझ्मा स्वतःच भिंगासारखा वागतो आणि तिला आवळून धरतो, छोट्या प्रयोगात आम्ही यावरच भागवतो. लांब पल्ल्याला मात्र प्लाझ्माची नळी करावी लागते, मधोमध पातळ आणि कडेला दाट, म्हणजे प्रकाश ऑप्टिकल फायबरसारखा आत राहतो. बर्कलीने आधी नीलमच्या ठोकळ्यात कोरलेल्या केशनळीत हायड्रोजन भरून त्यातून करंट सोडून हे केलं, आता २०२४ च्या प्रयोगात एका लेझरने गॅसमध्ये वाट करायची आणि दुसऱ्याने त्या वाटेतून जायचं असं केलं. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण जळायला भिंतच नाही, केशनळी खराब झाली म्हणून व्हॅक्यूम तोडा आणि दिवस घालवा हा प्रकार नाही.

एक शॉट प्रत्यक्षात कसा असतो ते सांगतो, हे पेपरमध्ये कोणी लिहीत नाही. चेंबर स्टीलचं, आत व्हॅक्यूम. एका बाजूने पसरट लेझर येतो, हातभर अंतरावरच्या पॅराबोलिक आरशावर पडून तो वीसेक मायक्रॉनच्या ठिपक्यात येतो, आणि त्या ठिपक्याच्या खाली उभा असतो नॉझल, दोनचार मिलिमीटर तोंडाचा. शॉटच्या काही मिलिसेकंद आधी व्हॉल्व्ह उघडतो, हेलियमचा फवारा सुपरसॉनिक वेगाने वर येतो, आणि पल्स त्या फवाऱ्याच्या कडेवर येऊन आदळते. कडेवरच, आत नाही, शंभर-दोनशे मायक्रॉन फोकस पुढेमागे झाला तरी बीम वेगळाच दिसतो. पुढे मॅग्नेट, तो इलेक्ट्रॉनना एनर्जीप्रमाणे कमीजास्त वळवतो, आणि त्याच्या पलीकडे लॅनेक्सची स्क्रीन, एक्स-रेवाले वापरतात तीच, तिच्यावर इलेक्ट्रॉन पडले की हिरवी चमक येते आणि कॅमेरा ती पकडतो. आपण सगळे काँक्रीटच्या भिंतीपलीकडे कंट्रोल रूममध्ये, इंटरलॉक लावून, आत कोणी राहिलं नाही ना हे बघून. शॉट होतो, मॉनिटरवर एक हिरवी रेघ येते. चांगली असेल तर टोकाला एक ठळक गोळा दिसतो. पुढच्या शॉटला तोच गोळा जरा सरकलेला, त्याच्या पुढच्याला फिकट, मग एकदम दुप्पट चार्ज, मग काहीच नाही.

हे असं का होतं याची कारणं शोधणं हेच आमचं रोजचं काम. एसी चालूबंद होताना टेंपरेचर थोडं हलतं, आरशांचे माउंट हलतात, फोकस काही मायक्रॉन सरकतो. पल्स आखडणाऱ्या कॉम्प्रेसरच्या ग्रेटिंगमधलं अंतर जरासं चुकलं की पल्स ३० फेमटोसेकंदाची ४० होते (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). मेन पल्सच्या आधी थोडासा प्रकाश गळत असतो, तो जास्त झाला तर गॅसवर पल्स पोचायच्या आधीच तिथली परिस्थिती बदललेली. ठिपका बघायला गोल दिसतो पण मधल्या गोलात एनर्जी निम्मीच असते, बाकीची कडेला सांडलेली, आणि मग डिफॉर्मेबल मिररने, म्हणजे आकार बदलता येणाऱ्या आरशाने, ती गोळा करत बसायचं. नवीन मुलं आली की त्यांना प्लाझ्मा बघायची घाई असते, मी त्यांना आधी फोकसचा ठिपका सुधारायला बसवतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच बीम सुधारतो.

दुसरी भानगड म्हणजे इलेक्ट्रॉन लाटेत शिरतात कसे. सगळ्यात सोपं म्हणजे लाट एवढी जोरात उठवायची की प्लाझ्मातले काही इलेक्ट्रॉन मागच्या बाजूने आपोआप आत ओढले जातात, पण आपोआप होणारी गोष्ट आपल्या ताब्यात नसते. म्हणून लोक हेलियममध्ये थोडा नायट्रोजन मिसळतात, त्याचे आतले घट्ट इलेक्ट्रॉन पल्सच्या मधोमध, फील्ड सर्वात जास्त असतं तिथेच सुटतात आणि थेट लाटेत पडतात. किंवा फवाऱ्यात एक पातळ पातं आडवं घालतात, त्याने शॉकची रेघ उठते, घनता एकदम खाली येते आणि त्या एकाच जागी इलेक्ट्रॉन पकडले जातात. मला विचाराल तर ही पात्याची युक्ती सर्वात भरवशाची, पातं अर्धा मिलिमीटर हलवलं की प्लाझ्माची उरलेली लांबी बदलते आणि एनर्जी आपल्याला हवी तिकडे जाते. टेक्सासच्या लोकांनी तर अ‍ॅल्युमिनियमचे नॅनोकण गॅसमध्ये घालून १० सेंटीमीटरात १० जीईव्हीपर्यंत मजल मारली, २०२३ च्या शेवटी ते छापून आलं, कौतुकाचंच काम आहे, पण तो लेझर तासाला एखादाच शॉट देणाऱ्या जातीचा.

आता किलोमीटरचा प्रश्न. एक्सएफईएल सेकंदाला २७,००० घोळके देऊ शकतं, आणि ते एकमेकांशी टक्क्याच्या छोट्या अंशात जुळतात. लेझर-प्लाझ्मात बर्कलीचा पेटावॉट (हजार टेरावॉट) लेझर सेकंदाला एक पल्स देतो, इतर बरेच १ ते १० च्या मध्ये. एनर्जीतला फरक चांगल्या दिवशी एकदोन टक्के, नाहीतर जास्त. शिवाय टायटॅनियम-सफायर लेझरला प्लगमधून जी वीज जाते तिच्यातली हजारातला एखादा भागच पल्समध्ये उतरतो, बाकी सगळी उष्णता होते आणि चिलर ती बाहेर टाकत बसतो. कोलायडरसाठी, म्हणजे कण समोरासमोर आदळवणाऱ्या मशीनसाठी, सेकंदाला हजारो पल्स लागतील, शिवाय एकामागे एक अनेक टप्पे जोडावे लागतील. दोन टप्पे जोडून बर्कलीने २०१६ मध्ये दाखवले, पहिल्या टप्प्यातून आलेल्या इलेक्ट्रॉनना दुसऱ्याने १०० एमईव्ही आणखी दिले, फार महत्त्वाचा प्रयोग होता, पण दुसऱ्या लाटेत नीट बसले ते इलेक्ट्रॉन थोडेच. शंभर टप्पे लावायचे तर प्रत्येक ठिकाणी अशी गळती चालणारच नाही. म्हणून कोलायडरवाले अजून तांबं आणि नायोबियमच घेतात, आणि आज मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच घेतलं असतं.

पण गाडी पुढे जातेय, आणि मला सगळ्यात समाधान ज्या बातम्यांनी दिलं त्या रेकॉर्डच्या नाहीत. हॅम्बुर्गच्या डेझी या संशोधन केंद्रात २०२० मध्ये लक्स नावाच्या मशीनवर दिवसभराहून जास्त वेळ न थांबता सलग १,००,००० इलेक्ट्रॉन बीम काढले, आणि त्या डेटावरून लेझरचं काय हललं की बीमचं काय हलतं हे चक्क ओळखून दाखवलं. मग २०२५ मध्ये त्याच ग्रुपने प्लाझ्मातून आलेला बीम आधी मॅग्नेटच्या रांगेतून ताणून नेहमीच्या रेडिओ कॅव्हिटीतून नेला, तिथे मागे पडलेल्यांना ढकललं, पुढच्यांना आवरलं, आणि एनर्जीतला फरक टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंत खाली आणला. आणि शांघायच्या लोकांनी २०२१ मध्ये लेझरच्या ४९० एमईव्हीच्या बीमवर फ्री इलेक्ट्रॉन लेझर, म्हणजे मॅग्नेटच्या रांगेत इलेक्ट्रॉन हलवून प्रकाश काढणारा लेझर, चालवून २७ नॅनोमीटरचा प्रकाश वाढवून दाखवला. फ्री इलेक्ट्रॉन लेझर हा बीमच्या क्वालिटीची सर्वात कडक परीक्षा आहे, त्यात पास झालं म्हणजे बीम खरंच चांगला. यातला एकही आकडा १० जीईव्हीएवढा मोठा दिसत नाही, पण विषय पुढे नेला तो यांनीच असं माझं ठाम मत आहे.

हॉस्पिटलचं म्हणाल तर तिथे आज जे लिनॅक आहेत ते ६ ते १५-१८ एमव्हीचे, म्हणजे साधारण तेवढ्याच एमईव्हीपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारे, मुंबईच्या समीर संस्थेने सिद्धार्थ नावाचा ६ एमव्हीचा लिनॅक इथेच बनवलाय. एवढ्या एनर्जीला रेडिओ लहरींची नळी हातभर पुरते, तिथे लेझरने काही जागा वाचत नाही. लेझरची गरज पडेल ती १०० ते २५० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला, कारण हे इलेक्ट्रॉन शरीरात खोलवर जातात, आजच्या मशीनचे इलेक्ट्रॉन काही सेंटीमीटरातच थांबतात म्हणून खोल गाठींना एक्स-रे द्यावे लागतात. पण इथेही स्पर्धा आहे, सर्न आणि लोझानचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल मिळून क्लिकच्या तांब्याच्या कॅव्हिटी वापरूनच असं मशीन करतायत. पेशंटला ठरलेला डोस ठरल्याप्रमाणेच जायला हवा, तिथे मघाशी सांगितला तसा मधूनच रिकामा जाणारा शॉट चालत नाही. म्हणून मला वाटतं हॉस्पिटलात तांबं आधी पोचेल. लेझरचा खरा फायदा दुसरीकडे आहे, घोळका काही फेमटोसेकंदांचाच असतो आणि लाटेत हेलकावे खाताना तो जे एक्स-रे टाकतो त्यांचा उगम मायक्रॉनएवढा बारीक असतो. त्या एक्स-रेने इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी हाडाच्या आतल्या जाळीचे फोटो काढलेत, बघण्यासारखे आहेत.

भारतात काय, तर इंदूरचं आरआरकॅट हे सरकारी संशोधन केंद्र मुख्य ठिकाण, तिथे १५० टेरावॉटचा आणि त्याहून मोठा लेझर आहे, लेझर-प्लाझ्मा अ‍ॅक्सिलरेशनचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं, आणि शेजारीच इंडस-२ हा २.५ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं मशीन, १७२ मीटर परिघाचा, म्हणजे जुनी आणि नवी पद्धत एकाच आवारात बघायला मिळते. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १०० टेरावॉटच्या वर्गातला लेझर आहे, तिथे भर जास्त करून घन टार्गेटवर. टीआयएफआरच्या हैदराबाद केंद्राच्या मंडळींनी मिथेनॉलच्या बारीक थेंबांवर अवघ्या मिलिजूलची पल्स, सेकंदाला हजार वेळा, मारून एमईव्हीचे इलेक्ट्रॉन काढले. त्यात एका एनर्जीचा बीम नसतो, पण छोट्या लेझरमध्ये एवढं होतं हे आपल्या युनिव्हर्सिट्यांसाठी मोठी गोष्ट आहे.

चिपवरचा अ‍ॅक्सिलरेटर म्हणून जे वाचायला मिळतं ते वेगळं प्रकरण, त्यात प्लाझ्मा नाही, सिलिकॉनच्या खांबांच्या मधून इलेक्ट्रॉन जातो आणि लेझर बाजूने पडतो. एर्लांगेनच्या लोकांनी २०२३ मध्ये अर्ध्या मिलिमीटरात २८.४ केईव्हीचे इलेक्ट्रॉन ४०.७ केईव्हीला नेले (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही). सुंदर काम, पण करंट अगदी नगण्य, त्याच्याबद्दल वेगळं विचारा.

शिकायचं काय. इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि प्लाझ्मा फिजिक्स पक्कं पाहिजेच, पण त्याच्याइतकंच ऑप्टिक्स हाताने केलेलं पाहिजे, आरसा अलाइन करणं, इंटरफेरोग्राम वाचणं, पंप आणि गेज कळणं. पायथन यायलाच हवं. आणि सिम्युलेशन आजच सुरू करता येईल, ईपोक, स्माइली, एफबीपिक हे कोड फुकट आहेत, साध्या डेस्कटॉपवर टूडी रन होतो. ८०० नॅनोमीटरचा लेझर घ्या, २५ फेमटोसेकंद, ३० टेरावॉट, ठिपका १० मायक्रॉन, प्लाझ्मा घन सेंटीमीटरला ५ गुणिले १०चा १८वा घात, लांबी ५ मिलिमीटर. या घनतेला लाट १५ मायक्रॉनची येते आणि डिफेजिंग साधारण ५ मिलिमीटरला. सिम्युलेशनचा बॉक्स पल्सबरोबर सरकता ठेवा, ग्रिडचे मायक्रॉनला निदान ३० सेल घ्या नाहीतर लेझरचा वेगच चुकीचा येतो आणि डिफेजिंगचं उत्तर त्याबरोबर चुकतं. टूडीत आकडे थ्रीडीसारखे येणार नाहीत, लाटेचा आकार आणि इलेक्ट्रॉन आत शिरायची जागा मात्र दिसेल. मग दुसरं काही न बदलता घनता अर्धी करा आणि तोच रन परत लावा, आत काही इलेक्ट्रॉन शिरतच नाहीत असं बहुतेक दिसेल. ते का, याचा हिशोब पल्सच्या ताकदीची जी मर्यादा वर सांगितली तिच्यावरून सुरू करा. या लेझरला ती मर्यादा १७ गिगावॉट गुणिले लेझर आणि प्लाझ्मा यांच्या फ्रिक्वेन्सीच्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे पहिल्या घनतेला जवळपास ६ टेरावॉट आणि अर्ध्या घनतेला १२. तुमचे ३० टेरावॉट पहिल्या वेळी तिच्या पाचपट होते, दुसऱ्या वेळी अडीचपट. कुठे अडलात तर इनपुट फाइल आणि घनतेचा प्लॉट दोन्ही टाका, बघून सांगतो.